बंद वाटांचे पंचांग

कन्नड गाव सोडून उत्तरेला निघालात की मका, कपाशी आणि आल्याच्या शेतांमधून रस्ता बराच वेळ जवळजवळ सपाट जातो आणि मग एका वळणावर जमीनच संपते. खाली चाळीसगावकडचा खानदेश पसरलेला असतो. तुमच्या पाठीमागे पडलेला पाऊस शिवना नदीतून गोदावरीला मिळतो. पुढ्यात पडलेला तितूर आणि गिरणेच्या वाटेने तापीला जातो. दक्षिणेकडून येणाऱ्याला इथे डोंगर आहे असे वाटतही नाही आणि उत्तरेकडून येणाऱ्यापुढे भिंत उभी राहते. सातमाळा-अजिंठा रांगेची ही कड मी कित्येक वर्षे सायकलवरून पाहत आलो आहे. तिच्या माथ्यावरच्या गाडीवाटा, पठारावरचे माळ, घळींच्या तोंडाशी उतरणाऱ्या पायवाटा यांवरची टिपणे पुढील पानांत आहेत.

वाचकांनी सुरुवातीलाच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या टिपणांत वाटा किती सुंदर आहेत यापेक्षा त्या केव्हा बंद असतात, का बंद असतात आणि कोणाच्या सांगण्यावरून उघडतात, याला जास्त जागा दिली आहे. सुटीसाठी म्हणून हातात घेतलेल्या पुस्तकात पहिल्याच पानावर मनाई वाचायला मिळावी, हे थोडे विचित्र वाटेल. पण डोंगरी सायकलच्या सुटीचे गणित ज्यांनी एकदा तरी मांडले आहे, त्यांना त्यामागचे कारण लगेच कळेल. आपण बहुतेक जण आधी रजा काढतो, मग गाडीवर सायकली बांधतो आणि शेवटी वाटेच्या तोंडाशी जाऊन फाटक लावलेले पाहतो. मग त्या फाटकाचा राग येतो. हे गणित उलट्या बाजूने मांडावे, आधी बंद काय आहे ते पाहावे आणि उरलेल्या दिवसांत आपली सुटी शोधावी, एवढेच माझे म्हणणे आहे. असे केले की बंदी अडथळ्यासारखी वाटत नाही. डोंगराबद्दल तिच्याइतकी नेमकी माहिती दुसरीकडे कुठेही मिळत नाही.

हे माझे म्हणणे नवे नाही, फार जुने आहे, आणि त्याचा पुरावा याच डोंगरात आहे. कन्नडच्या पश्चिमेला वीसेक किलोमीटरवर पीतळखोऱ्याची लेणी आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकात कोरायला सुरुवात झालेली ही 13 लेणी एका खोल घळीच्या दोन्ही अंगांना आहेत. हत्तींच्या रांगेवर उभारल्यासारखा दिसणारा विहार, चैत्यगृहाच्या खांबांवर उरलेले रंग, पावसाळ्यात मधून कोसळणारा ओढा, हे सगळे पाहायला लोक येतात आणि यावेच. इथे सापडलेली हसऱ्या चेहऱ्याची यक्षमूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे; तिच्या हातावर ती घडवणाऱ्या कण्हदास नावाच्या सोनाराचा उल्लेख कोरलेला आहे. मला मात्र दर वेळी त्या विहारांतल्या लहान लहान खोल्या थांबवतात. त्या मुक्कामासाठी आहेत, आणि भिक्खूंचा सर्वांत लांब मुक्काम म्हणजे पावसाळ्याचा, वर्षावासाचा.

वर्षावासाचा नियम कसा आला, याची हकीकत विनयपिटकात आहे. सुरुवातीला भिक्खू बाराही महिने चालत असत. लोकांनी तक्रार केली, की हे पावसातही फिरतात, कोवळे हिरवे गवत तुडवतात, बारीकसारीक जीव पायाखाली मारतात. पाखरेसुद्धा या दिवसांत घरटे बांधून एका जागी राहतात, मग यांनाच का राहता येऊ नये? त्या तक्रारीवरून तीन महिने एका जागी राहण्याचा नियम झाला. आषाढी पौर्णिमेनंतर मुक्काम धरायचा, आश्विन पौर्णिमेला सोडायचा. अगदी तातडीचे काम असेल तर सात दिवसांपुरते बाहेर जाण्याची सवलत. जैन साधूंचा चातुर्मासही याच विचाराचा. एखाद्या वाटेवर ऋतूपुरती बंदी घालण्यासाठी आज जी कारणे दिली जातात, त्यांतली बहुतेक या एका तक्रारीत आलेली आहेत: ओली जमीन, कोवळी उगवण, विणीचे दिवस. आणि ही तक्रार त्या वाटेच्या कडेला राहणाऱ्या लोकांकडून आली होती, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. चालणाऱ्यांनी ती ऐकली, म्हणून ते पुढची कित्येक शतके या डोंगरांत मानाने राहू शकले.

आता जमिनीकडे येऊ, कारण सायकलचा खरा संवाद तिच्याशी असतो. सातमाळ्याच्या पठारावर एका तासाच्या फेरीत तीन-चार तऱ्हेच्या जमिनी भेटतात. सखल भागात काळी, उताराला मुरमाड, कडेला उघडा बेसॉल्टचा खडक आणि जंगलात पानांचा थर. चारही एकाच पावसात भिजतात, पण एकाच वेळी वाळत नाहीत. मुरमाड उतार पाऊस उघडल्यावर दोन दिवसांत चाकाला तयार असतो. काळी जमीन आठवडे घेते. तिच्यात पाणी मुरले की ती फुगते, चिकट होते, टायर आणि चिमट्याच्या मधल्या फटीत भरते आणि चाक फिरायचे थांबते. खडकावर शेवाळ धरलेले असते. ते ऑक्टोबरात वाळून पापुद्र्यासारखे सुटते, तोवर त्याच्यावर ब्रेक लावणे म्हणजे पडणेच.

एका वर्षी पोळ्याच्या आदल्या आठवड्यात मी एका शेताच्या बांधाकडेने जाणाऱ्या गाडीवाटेवर सायकल घातली. आकाश निरभ्र होते, दोन दिवसांपासून पाऊस नव्हता, मला वाटले चालेल. शंभर पावलांत चाके अडकली. उरलेली वाट सायकल खांद्यावर घेऊन, घोट्यापर्यंत रुतत पार केली. चूक तेवढ्यावर संपली असती तर इथे लिहिली नसती. दिवाळीनंतर त्याच वाटेने गेलो तेव्हा माझ्या चाकांची चाकोरी वाळून कडक झालेली होती. पुढच्या मृगाचे पाणी त्या चाकोरीतूनच वाहिले आणि दोन पावसाळ्यांत तिथे गुडघाभर खोल चर पडला. शेतकऱ्याने त्यात दगड भरले. मला तो काही बोलला नाही, पण त्या दगडांवरून जाताना मला दर वेळी ते न बोललेले ऐकू येते.

याच शेतकऱ्याकडून मला या विषयातला सर्वांत उपयोगी शब्द मिळाला: वाफसा. जमीन फार ओली नाही, फार कोरडी नाही, मूठभर माती घेऊन दाबली तर गोळा होतो आणि बोटाने टिचकी मारली तर फुटतो, ती अवस्था. वाफसा आल्याशिवाय कोणी शेतात औत किंवा ट्रॅक्टर घालत नाही. घातला तर ढेकळे उठतात आणि जमीन बिघडते. डोंगरी सायकलला हाच नियम लागू करावा. वाटेच्या तोंडाशी उतरा, मूठभर माती उचला, दाबा. बोटांना चिकटून राहिली तर त्या दिवशी ती वाट तुमची नाही. यासाठी कोणाचा आदेश निघावा लागत नाही, आणि कोणताही आदेश इतका अचूक असू शकत नाही.

आदेश मात्र आहेत, आणि त्यांची ओळख करून घेणे हा या अभ्यासाचा दुसरा भाग आहे. कन्नड आणि चाळीसगाव या दोन तालुक्यांत पसरलेले गौताळा औट्रमघाट अभयारण्य 1986 साली जाहीर झाले. सुमारे 260 चौरस किलोमीटरचे हे कोरडे पानझडी जंगल. बिबट्या, अस्वल, नीलगाय, चिंकारा यांचे घर. 2021 च्या मार्चमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ तीनशेहून अधिक किलोमीटर चालून इथे आला आणि वनखात्याच्या कॅमेऱ्यात दिसला. कित्येक दशकांनी गौताळ्यात वाघ दिसला होता. आमच्या भागातल्या लोकांना त्या बातमीचा झालेला आनंद मी विसरणार नाही.

अभयारण्यात कोणी जावे याचा नियम 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 27 व्या कलमात आहे. तिथे राहणारे, तिथे जमीन असणारे, कामावरचे सरकारी नोकर यांच्याखेरीज सार्वजनिक हमरस्त्याने पार जाणाऱ्या माणसालाही मुभा आहे. बाकी सर्वांना परवानगी लागते, आणि ती कोणत्या कारणांसाठी द्यायची हे 28 वे कलम सांगते. त्यांत अभ्यास, छायाचित्रण आणि पर्यटन ही कारणे येतात. नव्या सायकलस्वाराने यातून एवढे समजून घ्यावे, की अभयारण्यातून जाणाऱ्या हमरस्त्याच्या डांबरावर तुम्ही वाटसरू असता. चाक डांबरावरून उतरून पायवाटेला लागले की तुम्ही पाहुणे होता, आणि पाहुण्याने विचारून आत यायचे असते. विचारण्याची जागा म्हणजे वनपरिक्षेत्र कार्यालय. तिथे जाताना वाट, तारीख आणि माणसांची संख्या कागदावर लिहून न्या. माझा अनुभव असा, की नीट विचारणाऱ्याला ‘हो’ किंवा ‘नाही’च्या पलीकडेही बरेच काही कळते: कुठल्या पाणवठ्यावर सध्या अस्वल येते आहे, कुठल्या उतारावर दरड सुटली आहे.

महाराष्ट्राचे वनखाते 15 फेब्रुवारी ते 15 जून हा काळ वणव्याचा हंगाम मानते. त्याआधी वनमजूर जाळरेषा काढतात, म्हणजे ठरावीक पट्ट्यातले गवत आणि पाला आधीच जाळून आग पसरायला जागा ठेवत नाहीत. नवख्या माणसाला त्या काळ्या पट्ट्या सायकलसाठी केलेल्या वाटा वाटतात आणि मोह होतो. पण हाच काळ पळस फुलण्याचा आणि मोहाची फुले गळण्याचा. मोहाच्या फुलांवर अस्वले पहाटे येतात, फुले वेचायला वाडी-तांड्यांवरची माणसेही पहाटेच येतात, आणि दोघांची गाठ पडली की जखमी माणूसच होतो. अशा जागी वळणावरून आवाज न करता वेगाने उतरणारी सायकल म्हणजे तिसरे संकट. म्हणून फाल्गुन-चैत्रात फाटक उघडे असले तरी सकाळी ऊन चांगले वर आल्याशिवाय जंगलाकडच्या वाटेला लागू नये, आणि चहासाठी तीन दगडांची चूल तर अजिबात मांडू नये. अभयारण्यात आग लावणे किंवा पेटती सोडणे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 30 व्या कलमाने गुन्हा आहे. वाळलेल्या सागाच्या पानांवर चाक कसे घसरते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला कायद्याशिवायही हा हंगाम टाळावासा वाटेल.

कन्नडहून चाळीसगावकडे उतरणाऱ्या घाटाची गोष्ट वेगळी आहे, कारण तो बंद होतो तेव्हा सगळ्यांनाच बंद होतो. जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने 1825 पासून खानदेशात भिल्लांची पलटण उभारली. त्याचे नाव या घाटाला राहिले, तरी गावकरी त्याला कन्नड घाटच म्हणतात. सोलापूर-धुळे महामार्ग याच घाटाने उतरतो. 2021 च्या ऑगस्टअखेरच्या रात्री चाळीसगाव परिसरात तुफान पाऊस झाला, तितूरला पूर आला आणि घाटात एकामागून एक दरडी कोसळून वाहतूक थांबली. पुढे 2023 च्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानंतर जड वाहनांना घाटात बंदी झाली. या दोन घटनांचा सायकलस्वाराशी थेट संबंध आहे. दरडीचा काळ पावसाबरोबर संपत नाही. सैल झालेले धोंडे नंतरच्या उन्हातही सुटतात. आणि घाटातली वाहतूक बदलली की गौताळ्यातून नागद गावाकडे उतरणारा आडरस्ता भरून वाहू लागतो. तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी घाटाची चौकशी करणे हे टायरची हवा तपासण्याइतकेच आवश्यक समजावे.

या सगळ्याला मोठ्या जगात काय स्थान आहे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. डोंगरी सायकलची सुटी म्हटले की आज जगभर आल्प्सचे नाव घेतले जाते. ज्या शब्दावरून त्या पर्वतांची ओळख आहे, तो ‘आल्प’ हा शब्द तिथल्या गुराख्यांच्या बोलीत उन्हाळी कुरणाला वापरतात. जूनमध्ये गुरे वर चढवायची, सप्टेंबरात खाली आणायची. ते कुरण म्हणजे आल्प. त्या भूमीवर सायकल फार उशिरा आली आणि तिला या जुन्या वेळापत्रकात जागा शोधावी लागली. माँ ब्लाँच्या पायथ्याशी असलेल्या फ्रान्समधल्या शामोनीच्या खोऱ्यात ऐन हंगामात, जुलै आणि ऑगस्टमध्ये, बहुतेक पायवाटा सायकलींना बंद असतात. ठरवून दिलेल्या मोजक्याच खुल्या. तिथे कारण चिखलाचे नाही, गर्दीचे आहे: अरुंद वाटेवर पायी चालणारे इतके असतात, की दोघांना जागा पुरत नाही. ऑस्ट्रियात 1975 च्या वनकायद्याने जंगलात पायी फिरण्याचा हक्क सर्वांना दिला, पण सायकलसाठी मालकाची संमती लागते. म्हणून टायरॉल प्रांताने 1997 मध्ये जमीनमालकांशी करार करून वाटा खुल्या करण्याची पद्धत बसवली. स्वित्झर्लंडमध्ये हिवाळ्यात भुकेल्या जनावरांची धावपळ होऊ नये म्हणून काही उतार वसंतापर्यंत शांत ठेवतात.

आपल्याकडचे सायकलस्वार मनाली-लेहला मोठ्या संख्येने जातात, त्यांना हा हिशेब बर्फाच्या भाषेत चांगला कळतो. 2020 च्या ऑक्टोबरात अटल बोगदा सुरू झाल्यापासून लाहौलपर्यंत हिवाळ्यातही पोहोचता येते, पण पुढे बारालाचा आणि तंगलंग खिंडींचा बर्फ निघाल्याशिवाय लेहची वाट उघडत नाही, आणि त्याबद्दल कोणी कुरकूर करत नाही. बर्फ डोळ्यांना दिसतो. वाफसा, वीण आणि मोहाचा हंगाम दिसत नाहीत, म्हणून ते पाळायला शिकावे लागते. सातमाळ्यावर बर्फ नाही, एवढाच फरक आहे.

‘बंदी’ हा शब्दही आपल्या गावांना परका नाही. आदर्श गावांच्या पंचसूत्रीत चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी आहेत. हिवरे बाजारसारख्या गावाने उघड्या पडलेल्या डोंगरावर गुरे सोडायची नाहीत असे ठरवले, गवत कापून न्यायचे ठरवले, आणि डोंगर पुन्हा हिरवा झाला. अशा बंदीचा फायदा गावाला नंतर गवत-पाण्याच्या रूपाने मिळतो. ज्या डोंगरावर गावाने अशी बंदी स्वतःहून घेतलेली आहे, तिथे बाहेरच्या माणसाने सायकल घेऊन जाण्याआधी सरपंचांना किंवा ग्रामसेवकांना विचारणे मला साध्या शेजारधर्माचे वाटते.

अभयारण्याबाहेरच्या वाटांबद्दल मला थोडा जास्त अभिमान आहे, हे मान्य करतो. पठारावरच्या शेतांमधून जाणारे पाणंद रस्ते आणि गाडीवाटा म्हणजे या भागातली खरी दौलत. त्या कोणी सायकलसाठी बांधलेल्या नाहीत. बैलगाडीच्या गतीने, उताराला वळसे घालत पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेल्या आहेत, म्हणून सायकलला त्या फार मानवतात. भूमिअभिलेख कार्यालयात मिळणाऱ्या गावनकाशावर त्या पाहता येतात: गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने, पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. पहिल्यांदा असा नकाशा हातात आला तेव्हा मी रात्रभर त्या तुटक रेषांवरून बोट फिरवत बसलो होतो. मात्र नकाशावर रेषा आहे म्हणजे वाट आज मोकळी आहे असे नाही. खरिपात कित्येक पाणंदी पिकाने अरुंद होतात. मका सोंगायला आल्यावर कणसांचे ढीग वाटेवरच पडतात. ऊसतोड सुरू झाली की ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या लावून येणाऱ्याला मागे सरता येत नाही, तेव्हा तुम्हीच बांधावर उतरायचे. कोणाच्या उभ्या पिकातून सायकल हाती धरूनसुद्धा नेऊ नये. रस्ता चुकलात तर आल्या वाटेने परत जा.

मग जावे केव्हा? नक्षत्रांच्या हिशेबाने सांगतो, कारण आमच्याकडे पाऊस त्यानेच मोजतात. मृगापासून हस्तापर्यंत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या दहा तारखेपर्यंत, मातीच्या वाटांना हात लावू नये. या दिवसांत डांबरी रस्त्याने जरूर या. श्रावणातले पठार डोळ्यांत साठवण्यासारखे असते. पण रविवारी धबधब्यांकडे उसळणारी गर्दी टाळा आणि जिल्हाधिकाऱ्यांचे प्रतिबंधक आदेश निघाले आहेत का ते पाहा. 2024 च्या जूनअखेर लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली, तेव्हापासून असे आदेश अधिक कडकपणे निघतात, आणि ते निघावेत असेच माझे मत आहे. चित्रा आणि स्वातीत परतीचा पाऊस फसवतो. या काळात मुरमाड वाटा निवडाव्या, काळ्या नव्हे. दिवाळी उलटली की दार उघडते. कार्तिकापासून माघाच्या मध्यापर्यंत वाटा घट्ट असतात, हवा कोरडी असते, पिके निघालेली असतात आणि वणव्याचा हंगाम अजून लागलेला नसतो. ही तीन-साडेतीन महिन्यांची खिडकी. तिच्यातही नवरात्र किंवा चैत्रातल्या पाटणादेवीसारख्या यात्रांची गर्दी नसते, हा आणखी एक लाभ.

या खिडकीची एकच खोड आहे: सराटे. गोखरूची ती तीन-चार टोकांची फळे पावसानंतर वाळून वाटेवर पसरतात आणि कशीही पडली तरी एक टोक वर राहते. बाभळीच्या आणि बोरीच्या काट्यांची गोष्ट तीच. ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट भरून या. ते जमत नसेल तर दोन ट्यूब आणि पंक्चरचा डबा जवळ ठेवा. काटा लागला की लगेच उपटू नका, सावलीत पोहोचेपर्यंत तो भोक बुजवून धरतो.

नव्याने येणाऱ्यांनी तीन दिवस हातात धरावे असे मी सुचवतो. पहिला दिवस पीतळखोऱ्यासाठी. सायकल माथ्यावर ठेवा आणि पायऱ्यांनी उतरा. लेण्यांत चाक नेण्याचा विचारही करू नका. दुसरा दिवस पठारावरच्या गाडीवाटांसाठी, कोणत्याही घाईविना. तिसरा अंतूर किल्ल्याच्या दिशेने. त्या वाटेवर निजामशाही काळातला फारसी लेखाचा एक दगडी स्तंभ उभा आहे. आजूबाजूच्या गावांच्या दिशा सांगणारा तो जुन्या काळचा मार्गदर्शक, त्याच्यापुढे थोडे थांबा. जोडीला वेरूळ किंवा अजिंठा पाहायचा असेल तर वेरूळची लेणी मंगळवारी आणि अजिंठ्याची सोमवारी बंद असतात, ही लहानशी बंदीही पंचांगात लिहून ठेवा. डिसेंबरात सूर्य सहाच्या आत मावळतो. पाचला शेवटची वाट सोडून डांबरावर आलेले बरे, कारण नंतरची वेळ बिबट्याची असते.

ही टिपणे वाचण्याची रीत सांगून थांबतो. प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर वाटेचे नाव आहे, त्याखाली ती कोणत्या महिन्यांत बंद आणि कोणत्या कारणाने, मग कोणाला विचारायचे, आणि सर्वांत शेवटी वाटेचे वर्णन. वाचकांनी कृपया क्रम बदलू नये. तारखांपेक्षा कारणांकडे जास्त लक्ष द्यावे. पाऊस लांबला तर तारीख खोटी पडेल, कारण पडणार नाही. टिपणांच्या कडेला जागा मोकळी सोडली आहे. तिथे तुम्ही गेलात तो दिवस, त्या दिवशी मातीचा गोळा फुटला की चिकटला, आणि वाटेत कोणी काही सांगितले असेल तर ते, पेन्सिलीने लिहावे. पहिले टिपण कार्तिकातले आहे: कन्नडच्या पश्चिमेची एक मुरमाड गाडीवाट, नऊ किलोमीटरची, जिच्यावर दोन ठिकाणी बांधावरची फाटके आहेत. फाटक उघडे सापडले तर उघडे ठेवा, लावलेले सापडले तर पार झाल्यावर पुन्हा लावा.